जुन्या बालवाडीत धातुकामाचं संग्रहालय: पहिल्या ठरावापासून पहिल्या पाहुण्यापर्यंत

वस्तीची सामायिक बालवाडी बंद पडली आणि इमारत कुलूपबंद राहिली, की कधी ना कधी कुणीतरी सुचवतं: इथं आपल्या लोहारकामाचं, तांब्या-पितळेच्या कामाचं संग्रहालय करूया. कल्पना चांगलीच आहे. बालवाडी बहुतेक वेळा तळमजल्यावरच असते, खोल्या मोठ्या आणि उजेडाच्या असतात, अंगण असतं, पाणी असतं, आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. यातलं काहीही नव्यानं उभं करायचं तर आयुष्य जातं.

पण अशा कामांत लोक सुरुवात करतात ती काचेच्या कपाटांपासून, आणि तिथंच घोळ होतो. संग्रहालयातला धातू चोरापेक्षा किंवा धक्क्यापेक्षा आतल्या हवेनं जास्त खराब होतो. ओल, गंधक, आम्लाची वाफ आणि क्लोराइड (मिठातला घटक) हे त्याचे चार शत्रू, आणि बालवाडीच्या इमारतीत हे चारही आधीपासून मुक्कामाला असतात. म्हणून खालच्या क्रमात कपाटं बरीच उशिरा येतात. हा क्रम मोडू नका.

## १. आधी कागद

पहिला प्रश्न इमारत कुणाची हा. सामायिक जागेच्या बाबतीत उत्तर बहुधा गुंतागुंतीचं निघतं: जमीन एकाची, बांधकाम लोकवर्गणीचं, चालवणारी संस्था तिसरीच. जमीन कुणी देणगी म्हणून दिली असेल तर देणगीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘केवळ बालशिक्षणासाठी’ अशी अट असेल तर ती अट बदलून घेतल्याशिवाय एक खिळाही ठोकू नका. कधी कधी वाट सोपी असते: एक खोली मुलांच्या कार्यशाळांसाठी कायम राखून ठेवली तर मूळ हेतूही जपला जातो आणि वारसही राजी होतात.

दुसरी गोष्ट मुदतीची. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेनं (आयकॉम) २०२२ मध्ये प्राग इथं संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. तिच्यातही नफ्यासाठी नसलेली आणि कायमस्वरूपी संस्था हे दोन गुण आहेतच. तीन वर्षांच्या भाडेकरारावर कुणी आपल्या घराण्याची ऐरण देणार नाही, आणि देऊही नये. करार किमान २५-३० वर्षांचा करा. संग्रहालय बंद करायची वेळ आली तर वस्तू कुठे जातील हे कलम त्यात आजच लिहा.

तिसरी गोष्ट वापरबदलाची. शिक्षणासाठी मंजूर असलेली इमारत आणि लोकांच्या वर्दळीची इमारत यांना अग्निसुरक्षेचे, बाहेर पडण्याच्या दारांचे आणि स्वच्छतागृहांचे नियम वेगवेगळे लागतात. नकाशे पक्के होण्याआधीच अग्निशमन अधिकाऱ्यांना जागा दाखवा. भिंत उभी राहिल्यावर दार मागितलं की खर्च दुप्पट होतो.

एका फाइलमध्ये हे कागद जमवा:

- जागेच्या आणि बांधकामाच्या मालकीचे कागद, देणगीपत्राची संपूर्ण प्रत
- सभेचा ठराव, उपस्थितांच्या सह्यांसह
- इमारतीचे मूळ नकाशे. नसतील तर नव्यानं मोजून काढलेले
- बांधकाम अभियंत्याचा अहवाल, त्यात प्रत्येक खोलीची जमीन किती भार पेलते याचा आकडा
- वापरबदल आणि अग्निसुरक्षेच्या परवानग्या, वीजजोडणीचा तपासणी दाखला
- संग्रह धोरण: काय घेणार, काय घेणार नाही, वस्तू संग्रहातून काढायची झाली तर कोण ठरवणार
- दानपत्र, उसनवार करार आणि तात्पुरती पावती यांचे कोरे नमुने
- विम्याचे कागद

## २. आहे तशी इमारत नोंदवून ठेवा

हातोडा पडण्याआधी प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, जमीन आणि दारं-खिडक्या यांचे फोटो काढा. मुलांनी रंगवलेली भिंत, बुटक्या खुंट्या, उंची मोजायच्या खुणा, सगळं. वस्तीतल्या कित्येकांचं लहानपण इथं गेलेलं असतं. ते पुसून टाकलं तर पुढे त्यांच्याकडून वस्तू मागताना जड जातं.

याच फेरीत दोन धोके तपासून घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या छताच्या पत्र्यांत, पाइपांच्या वेष्टनात, फरशीसारख्या प्लास्टिक टाइल्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉस. दोन्हींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल हाती येईपर्यंत काही घासू, खरवडू किंवा फोडू नका. कोरडं घासकाम केलं तर शिशाची धूळ घरभर बसते आणि नंतर ती वस्तूंवरही मिळते. मग ती रंगातली की वस्तूतली, हे सांगता येत नाही.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १:१२, दाराची मोकळी रुंदी किमान ८०-९० सेंटीमीटर आणि वळायला १५० सेंटीमीटरचं वर्तुळ हवं. बालवाडीच्या उंबरठ्यांशी हे आकडे क्वचितच जुळतात, म्हणून आत्ताच मोजा.

## ३. वर्षभर हवा मोजा

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि सगळेच ती टाळू पाहतात. टाळलीत तर पुढचं सगळं अंदाजावर चालेल.

तापमान आणि सापेक्ष आर्द्रता टिपणारी छोटी नोंदयंत्रं घ्या. प्रत्येक खोलीत एक, एक जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक बाहेर सावलीत. दर ३० मिनिटांनी नोंद पुरते. चारही ऋतू त्यात यायला हवेत, कारण इमारत कोरड्या महिन्यांत फसवते.

जमिनीची ओल तपासायला यंत्र लागत नाही. ४५ × ४५ सेंटीमीटरचा जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि किमान १६ तास तसाच ठेवा. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा फरशी गडद झाली, तर जमिनीतून ओल वर येते आहे. प्रत्येक खोलीत दोन-तीन जागी हे करा: भिंतीलगत, मध्यभागी, आणि जिथं मुलांचं वॉशबेसिन होतं तिथं हमखास.

आकडे हाती आले की त्यांची तुलना प्रत्येक साहित्याला लागणाऱ्या सापेक्ष आर्द्रतेशी करा:

- साधं लोखंड, पोलाद, अवजारं: ५० टक्क्यांच्या खाली
- तांबं, पितळ, कांसं, ज्यावर फिकट हिरवी भुकटी सुटते आहे: ४२ टक्क्यांच्या खाली
- जमिनीतून निघालेलं, क्षार शोषलेलं लोखंड: २० टक्क्यांच्या खाली, बंद डब्यातच
- लाकडी दांडे, चामड्याचे भाते: ४५ ते ५५ टक्के

शेवटची ओळ आणि पहिल्या तीन ओळी एकमेकींना छेद देतात, हे लक्षात आलं असेल. घणाचं डोकं कोरडेपणा मागतं आणि त्याचाच दांडा फार कोरड्या हवेत चिरतो. म्हणून सगळी खोली वाळवंटासारखी करायची नाही. खोली ४५ ते ५० टक्क्यांवर स्थिर ठेवायची, आणि ज्या मोजक्या वस्तूंना त्याहून कोरडं हवं त्यांना बंद कपाटात किंवा डब्यात वेगळी हवा द्यायची.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे ‘सकाळी खिडक्या उघडून हवा खेळती ठेवणं’. बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली ओल पाणी होऊन बसते तो, साधारण २४ अंश असतो. रात्रभर थंड झालेली दीडशे किलोची ऐरण त्याहून गार असते आणि तासन्‌तास गारच राहते. खिडकी उघडली की तिच्यावर दव धरतं, डोळ्यांना न दिसणारं, आणि आठवड्याभरात तांबूस थर येतो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा खरोखर कोरडी असेल तेव्हाच खिडक्या उघडा, आणि ते नोंदयंत्र पाहून ठरवा.

किंचित ऊब देणं हा उलटा आणि उपयोगी उपाय. २० अंशांवर ६५ टक्के असलेली हवा २३ अंशांवर नेली, की तीच ५४ टक्क्यांच्या आसपास येते. थंड, ओलसर हवामानात आर्द्रताशोषक यंत्राआधी हे करून पाहावं. उष्ण आणि दमट ठिकाणी मात्र आर्द्रताशोषक यंत्रच लागतं. त्याचं पाणी नळीनं थेट बाहेर जाईल अशी सोय करा, कारण टाकी भरली की यंत्र गुपचूप बंद पडतं.

## ४. बालवाडीतलं काय काढायचं, काय ठेवायचं

सगळ्यात आधी पाणी. बालवाडीत जवळपास प्रत्येक वर्गात वॉशबेसिन असतं, म्हणजे प्रत्येक वर्गाच्या भिंतीत पाइप असतो. प्रदर्शनाच्या आणि साठवणीच्या खोल्यांतले नळ फक्त बंद करून भागत नाही. पाइप मुख्य वाहिनीपासून तोडा आणि टोकाला बूच बसवा. पाणी एका बाजूच्या स्वच्छतागृहापुरतं आणि कार्यशाळेपुरतं ठेवा.

मग जमिनीवरचं मऊ सामान. मुलं पडली तर लागू नये म्हणून अंथरलेले रबरी गालिचे गंधक सोडतात आणि चांदी, तांबं काळं पाडतात. रंगीत फोमच्या जोडचटया बहुतेक ईव्हीए नावाच्या प्लास्टिकच्या असतात. त्या जुन्या होताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतात, आणि ते शिशाला खातं. खेळण्याच्या मातीच्या काही प्रकारांत गंधक असतं, त्यामुळे कपाटाच्या कोपऱ्यात राहिलेला गोळासुद्धा शोधून काढा. हे सगळं बाहेर गेल्यावर खोल्या काही आठवडे उघड्या ठेवा.

बुटकी कपाटं आणि फळ्या पाहून मोह होतो: तयारच आहेत, त्यातच वस्तू मांडूया. मांडू नका. त्या बहुधा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) किंवा प्लायवूडच्या असतात आणि त्यांच्या लाकडातून आणि गोंदातून फॉर्मिक आणि अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं निघत राहते. शिशाच्या वस्तूवर पांढरी भुकटी दिसली की समजावं, दोष लाकडाचा आहे. या फळ्या कार्यालयात वापरा, पुस्तकांसाठी वापरा, धातूसाठी नको.

सफाईची सवयही बदलावी लागते. बालवाडीत फरशी ब्लीचनं पुसायची पद्धत असते, आणि ते मुलांसाठी योग्यच होतं. ब्लीचमधलं क्लोरीन मात्र लोखंड, तांबं आणि चांदी तिन्हींना घातक आहे. सफाई करणाऱ्या व्यक्तीला कारणासकट समजावून सांगा आणि सौम्य, क्लोरीनमुक्त साबण आणून द्या. नुसती मनाई टिकत नाही.

आता ठेवायचं काय. मुलांसाठीची बुटकी स्वच्छतागृहं ठेवा. शाळांच्या सहली हाच तुमचा मोठा पाहुणा असणार. बुटक्या खुंट्यांची एक रांग ठेवा, कार्यशाळेतल्या मुलांचे अ‍ॅप्रन तिथं टांगता येतात. झोपायची खोली बहुधा इमारतीतली सगळ्यात अंधारी आणि तापमानानं स्थिर असते. साठवणीला ती वापरा. रंगवलेली एक भिंत शक्य असेल तर तशीच राहू द्या.

अंगणातल्या वाळूच्या चौकोनात मात्र ओतकामाचं प्रात्यक्षिक दाखवायचं मनातही आणू नका. ओल धरलेल्या वाळूवर किंवा काँक्रीटवर वितळलेला धातू सांडला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. वाळू काढा, खड्डा बुजवा.

## ५. जमीन किती वजन पेलते

बालवाडीच्या वर्गाची तरंगती, म्हणजे खाली पोकळी असलेली, जमीन साधारण दर चौरस मीटरला २०० ते ३०० किलो भारासाठी आखलेली असते. मुलं, बाकं, खेळणी यांना ते पुष्कळ होतं. आता १५० किलोची ऐरण घ्या, जिचा तळ ३० × २५ सेंटीमीटर आहे. तेवढ्या तळावर तिचा दाब दर चौरस मीटरला २००० किलोच्या हिशोबानं पडतो. थेट मातीवर टाकलेलं काँक्रीट असेल तर बहुधा निभतं. खाली पोकळी असलेली लाकडी जमीन असेल तर पाट्या दबतात, आणि ते वरून कळत नाही.

उपाय साधा आहे: जड वस्तूखाली भार पसरवणारा पोलादी पत्रा किंवा चौकट द्या, वस्तू भिंतीलगत म्हणजे तुळईच्या टोकापाशी ठेवा, आणि दोन जड वस्तू एकाच तुळईवर येऊ देऊ नका. यांत्रिक घणासारखं यंत्र असेल तर त्याला स्वतंत्र पाया लागतो. अभियंत्याला वस्तूंच्या वजनांची यादी आधी द्या आणि नकाशावर त्यांच्या जागांसह आकडे लिहून घ्या. येण्याचा मार्गही मोजा: फाटक, पायरी, दार, वळण. खोलीची जमीन भक्कम आणि वाटेतल्या ओट्याची फरशी पोकळ, असंही असतं.

## ६. वस्तू घेणं आणि नोंदवणं

लोक आधी चकाकती भांडी आणतात. तुम्ही मागा ती अवजारं, आणि सुटी नकोत, अख्खा संच मागा. एका कारागिराच्या पन्नास हातोड्या एकत्र पाहिल्या तरच कळतं की कोणत्या तोंडानं पत्रा ताणला जातो आणि कोणत्यानं गुळगुळीत होतो. त्यातल्या दहा ‘चांगल्या दिसणाऱ्या’ निवडल्या की कामाचा क्रमच हरवतो. मोडका सांडशीचा पाय, अर्धवट घडलेला पत्रा, फसलेलं ओतकाम, तोंड चिरलेली मूस, हे सगळं मोलाचं आहे. वस्तू कशी घडते ते अर्धवट तुकडाच दाखवतो.

वस्तू हातात आली की लगेच तात्पुरती पावती द्या. मग ठरवा: दान की उसनवार. ‘राहू दे तुमच्याकडे’ या तोंडी शब्दावर ठेवलेल्या वस्तू पुढच्या पिढीत भांडणं लावतात. उसनवारीला शेवटची तारीख असलीच पाहिजे, आणि कायमची उसनवार ही भानगड स्वीकारूच नये. जमिनीत सापडलेली वस्तू असेल तर ती कुठे, कशी मिळाली हे लेखी घ्या आणि पुरातत्त्व कायद्याप्रमाणे कळवा. मूळ ठिकाण सांगता येत नसेल तर नम्रपणे नकार द्या.

नोंदक्रमांक तीन भागांचा सोपा पडतो: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, तिच्यातली कितवी वस्तू. उदाहरणार्थ २०२६.४.१२. तो वस्तूवर कोरू नका, चिकटपट्टीही लावू नका. न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला पातळ थर द्या. वाळल्यावर त्यावर शाईनं क्रमांक लिहा आणि वर दुसरा थर द्या. पुढे कधी काढायचा झाला तर अ‍ॅसिटोननं निघतो.

नोंदीत वजन, मापं, धातू, खुणा, शिक्का, दुरुस्ती, कुणी वापरली आणि कशासाठी, एवढं हवं. शिवाय वस्तूचा सहा बाजूंनी फोटो, शेजारी मापपट्टी ठेवून. काम चालवायच्या पद्धतीसाठी स्पेक्ट्रम ही ब्रिटनमधली संग्रहनोंदणीची प्रमाणपद्धत पाहा, आणि साठवणीची खोली लावायची असेल तर इक्रोम या वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची री-ऑर्ग पद्धत. दोन्ही छोट्या संस्थांनाही झेपतात.

अवजार जपून काम जपलं जात नाही, म्हणून कारागिरांचं चित्रीकरण याच टप्प्यात उरका. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेरांची तांब्या-पितळेची भांडी घडवण्याची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. ती नोंद एखाद्या भांड्याची नाही, घडवण्याच्या ज्ञानाची आहे. चित्रीकरणात कॅमेरा चेहऱ्यावर कमी आणि हातांवर जास्त ठेवा. आवाज स्वच्छ घ्या: पत्रा कडक झाला की ठोक्याचा आवाज बदलतो आणि कारागीर तो ऐकूनच पत्रा पुन्हा भट्टीत घालतो. तापलेल्या धातूचा रंग टिपायचा असेल तर कॅमेऱ्याचा आपोआप रंगसंतुलन करणारा पर्याय बंद ठेवा, नाहीतर लाल आणि केशरी एकच दिसतात.

## ७. साफसफाई, आणि कुठे थांबायचं

सगळ्यात जास्त नुकसान उत्साही हातांनी होतं. तारेचा ब्रश, वाळूचा फवारा, पॉलिशचं चाक आणि आंबट-मिठाचं मिश्रण, या चारही गोष्टी इमारतीत आणूच नका. आंबट पदार्थ तांब्यावरची खूण खातो. मिठातलं क्लोराइड कडेच्या दुमडीत आणि डाग देऊन जोडलेल्या सांध्याच्या फटीत बसतं आणि महिन्यांनी फिकट हिरवी भुकटी होऊन बाहेर येतं. कल्हईसाठी वापरलेला नवसागरही क्लोराइडच आहे, म्हणून कल्हईच्या भांड्यांच्या आतल्या कडा खास निरखा.

टेबलावर एवढंच लागतं:

- नायट्राइलचे हातमोजे. सुती मोजे घसरतात आणि घाम आरपार जातो. घामातल्या क्षारांनी पॉलिश केलेल्या धातूवर बोटाचा ठसा कायमचा कोरला जातो.
- मऊ केसांचा ब्रश, आणि तोंडाला जाळी बांधलेला व्हॅक्यूम
- कापसाचे बोळे, व्हाइट स्पिरिट, शुद्ध अल्कोहोल
- मायक्रोक्रिस्टलाइन मेण
- भिंग, मापपट्टी, पांढरा कागद

आधी वस्तू पांढऱ्या कागदावर आठवडाभर ठेवा. कागदावर काही सांडलं नाही आणि गंज गडद, घट्ट असेल तर तो स्थिर आहे, त्याला हात लावू नका. नारिंगी पापुद्रे किंवा फिकट हिरवी भुकटी पडली तर झीज चालू आहे. ती वस्तू वेगळी करा, कोरड्या डब्यात घाला आणि धातू-संवर्धकाला दाखवा. हिरवी भुकटी सुटण्याच्या या काशाच्या रोगावर वापरतात ते बेन्झोट्रायाझोल अपायकारक रसायन आहे. ते प्रशिक्षित माणसाच्या हातीच असावं.

स्थिर वस्तूंना धूळ झटकून, तेलकटपणा व्हाइट स्पिरिटनं पुसून, मेणाचा अगदी पातळ थर पुरतो. लोखंड किंचित कोमट करून मेण लावलं तर ते बारीक खाचांत शिरतं. जास्त मेण लावलं की धूळ चिकटते. हातोडीच्या तोंडावरची झीज, दांड्यावरचा हाताचा काळा लेप, भात्यावरची काजळी, हा पुरावा आहे, तो राहू द्या.

लाकडी दांड्यांत किडे असतील तर वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांवर २ आठवडे ठेवा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडू नका. जुन्या भट्टीचे हातमोजे, दोऱ्या आणि उष्णतारोधक पुठ्ठे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते बघताक्षणी पिशवीत बंद करा.

## ८. कपाटं, आधार आणि प्रकाश

कपाटासाठी काच, पावडर-कोटिंग केलेलं पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियम, अ‍ॅक्रिलिक, पॉलिथिलीनचा फोम आणि धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड चालतं. पीव्हीसी, रबर, लोकरी फेल्ट, एमडीएफ आणि ओकचं लाकूड चालत नाही. काचेच्या सांध्याला सिलिकॉन भरताना व्हिनेगरसारखा वास आला तर तो आम्ल सोडणारा प्रकार आहे. न्यूट्रल लिहिलेला मागा. नवा रंग आणि नवं प्लास्टर पूर्ण वाळू द्या, आणि रंगवलेलं कपाट निदान ४ आठवडे उघडं ठेवूनच त्यात वस्तू मांडा.

एखाद्या साहित्याची शंका असेल तर ऑडी चाचणी करून घ्या. १९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी ती मांडली. बंद नळीत साहित्याचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या ठेवून ६० अंशांवर २८ दिवस तापवतात. पट्टी काळवंडली किंवा तिच्यावर भुकटी धरली तर ते साहित्य बाद.

सिलिका जेलचा, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांचा, हिशोब आधी करा. घट्ट बंद होणाऱ्या कपाटात दर घनमीटरला २० किलो हा रुळलेला आकडा आहे. १ मीटर × ५० × ५० सेंटीमीटरच्या कपाटाला म्हणजे ५ किलो. एवढं जेल मावेल असा खण तळाशी ठेवा आणि तो वस्तू न हलवता बाहेरून उघडता येऊ द्या. फटीतून हवा जात असेल तर कितीही जेल भरा, उपयोग नाही.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकू देऊ नका. पितळी खुंटीवर लोखंडी सांडशी टांगायची तर मध्ये पॉलिथिलीनची नळी चढवा.

प्रकाशानं धातूचं काही बिघडत नाही, पण शेजारच्या चामड्याचं आणि कागदाचं बिघडतं. त्यांच्यासाठी ५० लक्सची (लक्स हे प्रकाशाचं माप) मर्यादा पाळा. दिवे कपाटाबाहेर ठेवा, आतली उष्णता आर्द्रता हलवते. बालवाडीच्या खिडक्यांचे काठ खाली असतात, त्यामुळे ऊन थेट वस्तूंवर येतं आणि काचेत फक्त खिडकीच दिसते. खालचा भाग अपारदर्शक करा. चोरीच्या दृष्टीनंही ते बरं, कारण तांब्या-पितळेवर भंगाराच्या भावासाठी डोळा असतोच.

घडवलेल्या भांड्यावर समोरून प्रकाश टाकला तर ते नुसतं चमकतं. तोच दिवा बाजूला, पृष्ठभागाला जवळपास समांतर न्या. हातोडीचा एकेक ठोका उथळ वाटीसारखा उठून दिसतो, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर किती चढली आहे ते मोजता येतं, आणि कारागिराचा हात कुठे थांबून पुन्हा सुरू झाला तेही कळतं. माहितीफलकात चार परिच्छेद लिहिण्यापेक्षा हा एक दिवा जास्त शिकवतो. वस्तूंची उंची मात्र उभ्या माणसापुरती ठरवू नका. मुलं आणि खुर्चीतले पाहुणे यांना ९०-१०० सेंटीमीटरवर दिसायला हवं.

## ९. अंगणातली भट्टी

चालू भट्टी असली की लोक पुन्हा येतात. ती इमारतीपासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. दगडी कोळशाच्या धुरातलं गंधक आत शिरलं तर तुमचीच चांदी काळी पडते. लोणारी कोळशात ते बरंच कमी. भट्टी बंदिस्त शेडमध्ये पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो.

प्रेक्षक किमान ३ मीटर लांब, मध्ये कठडा, पुढच्या रांगेला डोळ्यांचे चष्मे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा सळई कधीही तापवू नका, त्या धुरानं ताप भरतो. प्रात्यक्षिकासाठी संग्रहातली नोंदवलेली अवजारं वापरायची नाहीत. वापराचा संच वेगळा ठेवा आणि त्यावर ठळक खूण करा.

आग विझवायला खोल्यांत कोरड्या पावडरचे सिलिंडर लावले जातात, तो नेहमीचा घोटाळा. ती पावडर धातूवर बसली की ओल धरून त्याला खाते. प्रदर्शनाच्या खोल्यांसाठी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर अग्निशमन अधिकाऱ्यांकडून मंजूर करून घ्या. भट्टीजवळ पाणी आणि कोरडी वाळू असू द्या.

## १०. दार उघडल्यानंतरचं वेळापत्रक

रोज: नोंदयंत्रांचे आकडे वाचा, आर्द्रताशोषक यंत्र चालू आहे ना पाहा, पावसानंतर छताचे कोपरे पाहा.

आठवड्याला: प्रत्येक कपाटातलं आर्द्रतादर्शक कार्ड, वस्तूंखालच्या कागदावर काही पडलं आहे का, खिडक्यांच्या कड्या.

दर तीन महिन्यांनी: शिशाच्या, काशाच्या आणि जमिनीतून निघालेल्या लोखंडाच्या वस्तू भिंगाखाली, जुन्या फोटोशी ताडून. क्षार शोषलेल्या लोखंडाच्या हवाबंद डब्यात वस्तूच्या वजनाइतकं तरी जेल असावं. कार्ड २० टक्क्यांच्या वर गेलं की जेल बदला.

जेल वाळवताना ओव्हन ११० अंशांच्या वर नेऊ नका, ओल दाखवायला रंग बदलणारा केशरी सूचक त्याहून जास्त उष्णतेत निकामी होतो. निळं सूचक जेल घेऊच नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. वाळलेलं जेल बंद बरणीतच गार होऊ द्या. उघड्या ताटात गार केलं तर खोलीतली ओल ते परत पिऊन बसतं. वाळवलेल्या आणि ओल्या जेलच्या बरण्यांना वेगळ्या रंगाची झाकणं लावा आणि प्रत्येकीवर वाळवल्याची तारीख लिहा.